राजविंदर वाचायला लागली

सोमवार, १३ जुलै १९९२

शाळा सुरू होऊन आठवडा होतोय तोवर मुख्याध्यापिका वालिया मॅडमनी आठ मुलं माझ्या गळ्यात मारली. चौथीतली आठ, ज्यांना दुसरीचं हिंदी पुस्तकही वाचता येत नाही. "मिसेस सबनीस, आपके महाराष्ट्र में तो पढ़ाई का बड़ा माहौल है," असं म्हणाल्या. खरं कारण वेगळं आहे. हा वर्ग शाळा सुटल्यावर पाऊण तास घ्यायचा आहे. बाकीच्या शिक्षिका मोहालीहून, खरडहून येतात. वाटेत अतिरेक्यांच्या शोधात पोलिसांच्या नाक्यांवर बस थांबवून तपासतात, त्यामुळे पहिली बस कुणालाच चुकवायची नसते. मी इन्स्टिट्यूटच्या क्वार्टर्समध्ये राहते. चालत दहा मिनिटं.

तरी मला बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. सांगलीला नगरपालिकेच्या शाळेत मी आठ वर्षं पहिली-दुसरीला वाचायला शिकवलं. श्यामकांतला इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली आणि मी बायोकेमिस्ट्रीवाल्या डॉक्टरांची बायको झाले. या शाळेत सात वर्षं मला चित्रकला आणि शिवण देतात. माझ्या हिंदीला हसतात.

आठांपैकी सातजण चित्र बघून अंदाजाने ठोकून देतात. रोहित नावाचा मुलगा तर पुस्तक उलटं धरूनही वाचेल. त्याचे वडील पोलिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत, गाडीबरोबर बंदूकधारी शिपाई येतो. आठवी राजविंदर. ती तोंडच उघडत नाही.

गुरुवार, १६ जुलै

भिंतीवर तक्ता लावला. आठ नावं, समोर चांदण्या चिकटवायला रकाने. एक ओळ न अडखळता वाचली की एक चांदणी. दिवाळीआधी ज्याच्या चांदण्या सर्वांत जास्त, त्याला स्केचपेनचा मोठा डबा. मुलांचे डोळे लकाकले. राजविंदरने तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी तिला पुढ्यात घेऊन विचारलं, "वाचायचंय ना तुला?"

तिने मान हलवली. हो.

"मग?"

नऊ वर्षांची पोर, पण वेणी इतकी घट्ट बांधलेली की कपाळ ताणलेलं दिसतं. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नाही.

मंगळवार, २८ जुलै

आज सापडलं! श्यामकांतला सांगितलं, तो "वा" म्हणून परत पेपरात शिरला, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

राजविंदरने आज पहिल्यांदा मोठ्याने वाचलं. 'मकान'ला 'सकान' म्हणाली. मग 'भालू'ला 'मालू'. पोरं खिदळली, रोहितने तर "सालू, मालू" म्हणून नाच केला. ती लाल होऊन बसली. मी फळ्याशी उभी होते आणि एकदम लक्षात आलं, की ही चूक दर वेळी तीच आहे. 'म' दिसला की 'स', 'भ' दिसला की 'म'. जी पोर अंदाजाने वाचते, ती रोज वेगळी चुकते.

स्टाफरूममध्ये पंजाबी पेपर पडला होता तो घेतला. गुरमुखीतलं 'स' हुबेहूब आपल्या 'म'सारखं दिसतं आणि गुरमुखीतलं 'म' आपल्या 'भ'सारखं. म्हणजे ही पोर ढ नाही. ती गुरमुखी शिकून आली आहे आणि तेच डोळे घेऊन हिंदी वाचते आहे. इथल्या वर्गशिक्षिकांनी तिला मठ्ठ म्हणून कोपऱ्यात बसवलं. त्या सगळ्या पंजाबी बायका, घरात पंजाबी बोलणाऱ्या. कळलं मला, सांगलीच्या बाईला.

तिला जवळ घेऊन विचारलं. खरडच्या पुढे कुठेतरी गाव आहे तिचं. तिथे दोन वर्षं शाळेत होती, पण मास्तर येईनासे झाले, मग शाळाच बंद झाली. गेल्या वर्षी आईबरोबर इथे आली. आई हॉस्पिटलात आया आहे. वडील नाहीत.

"भाऊ-बहीण?"

पोरीने पेन्सिल दप्तरात ठेवली. मग म्हणाली, "मी एकटी."

मंगळवार, ११ ऑगस्ट

बावीस सेक्टरातून गुरमुखीचा कायदा आणला, म्हणजे मुळाक्षरांचं पुस्तक. रोज सकाळी चहाबरोबर पाच अक्षरं गिरवते. मीनाक्षी म्हणाली, "मम्मी, इस उमर में?" आमची लेक अकरावीत आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. मी मराठीत झापलं, तिने हिंदीत सॉरी म्हटलं.

राजविंदरला दोन वह्या करून दिल्या, हिंदीला निळी, पंजाबीला लाल. एका दिवशी दोन्ही काढायच्या नाहीत. माझे पंजाबी उच्चार ऐकून ती पहिल्यांदा हसली. मला दुरुस्त करते! परवा मी मुद्दाम चुकले. आज मुद्दाम नाही, खरीच चुकले.

चांदण्या: रोहित सहा, राजविंदर नऊ.

सोमवार, २४ ऑगस्ट

बुधवारी बाजारात स्कूटरमध्ये बॉम्ब सापडला, म्हणून तीन दिवस शाळा बंद होती. आज पोरं पुन्हा मागे गेलेली. रोहित 'कमल' विसरला. एकटी राजविंदर पुढे गेली आहे, इतकी पुढे की मी चाटच पडले. सुट्टीत दुकानांच्या पाट्या वाचत हिंडली म्हणे. हॉस्पिटलात आईबरोबर जाऊन वॉर्डांची नावं वाचली. मी वालिया मॅडमना सांगितलं, की बघा, साध्या कागदी चांदण्या, पण मुलाला ओढ लागली पाहिजे. त्यांनी "वेरी गुड" म्हणून फाइल उघडली.

राजविंदर तिच्या चांदण्या स्वतः चिकटवत नाही, विसरते. मी चिकटवते.

बुधवार, ९ सप्टेंबर

तिला छापलेलं येतं, आता हाताने लिहिलेलं वाचायचं आहे. रोज विचारते, घाईघाईत लिहिलेलं कसं ओळखायचं, अक्षरं एकमेकांत घुसली तर कसं. मी माझ्या वाईट गुरमुखीत चार ओळी लिहून दिल्या, तिने वाचल्या, म्हणाली, "यापेक्षा वाईट."

मग विचारलं, 'फिकर' कसं लिहितात. मग 'रोटी', 'सुखसांद', 'वीरजी'. सुखसांद म्हणजे खुशाली, वीरजी म्हणजे दादा. म्हणजे भाऊ आहे, आणि पत्र येतं. मला हसू आलं. मुलं का लपवतात कोण जाणे. मग मी तिला पत्र कसं लिहायचं ते नीट शिकवलं. उजव्या कोपऱ्यात ठिकाण आणि पत्ता, खाली तारीख, मग नमस्कार. पत्ता नसेल तर उत्तर कुठे पाठवणार, असं म्हटलं. तिने ते लाल वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

घरी येताना डोक्यात कल्पना आली. 'घरचं वाचन'. पुस्तकातले धडे वाचून दाखवण्यात काय अर्थ? प्रत्येकाने घरातलं काहीतरी लिहिलेलं आणायचं, औषधाची बाटली, लग्नपत्रिका, विजेचं बिल, पत्र. पालकांसमोर वाचायचं. वालिया मॅडमना फार आवडली. शिक्षण खात्याच्या बाईंना बोलावणार आहेत. दहा ऑक्टोबर ठरली.

मंगळवार, २२ सप्टेंबर

सातजणांचं ठरलं. रोहित वडिलांना मिळालेलं शौर्याचं प्रशस्तिपत्र वाचणार, शब्द अवघड आहेत पण त्याचा हट्ट आहे. राजविंदर म्हणते, आमच्या घरात काहीच नाही.

"पत्र आण ना. दादाचं."

तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या खिशातून काही काढून घेतलंय. "पत्र नाही, मॅडमजी."

आज शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर घरी गेले. हॉस्पिटलमागच्या खुड्डा लाहोरा वस्तीत एका घराच्या मागची खोली. आई, सुरजीत कौर, ड्यूटीवरून नुकतीच आलेली. खाटेवर चादर घालून मला बसवलं, दुधाचा चहा केला. मी पोरीचं कौतुक केलं, तेव्हा बाईचे डोळे भरले. म्हणाली, "मला अक्षर येत नाही, मॅडमजी. आता ही मला सगळं वाचून दाखवते. आता कुणाकडे जावं लागत नाही." मी कार्यक्रमाचं सांगितलं. पत्राचं नाव काढताच चहाचा पेला खाली ठेवला.

"आमच्याकडे पत्र येत नाही."

"अहो, लाजायचं काय त्यात? साध्या घरची पत्रंच सगळ्यात—"

"येत नाही, जी."

आणि दारात जाऊन उभी राहिली. म्हणजे मी उठावं. मी उठले.

अपमान वाटला, खरं लिहायचं तर. गरिबांना स्वतःच्या घरातल्या गोष्टींची लाज वाटते, हे सांगलीलाही पाहिलंय. तिथे मी अशा आयांना समजावून समजावून वळवलं आहे. ही बाई पोरीच्या आड येते आहे.

गुरुवार, १ ऑक्टोबर

राजविंदरला आज सांगितलं, "बाकी सगळे घरचं आणणार आणि तू पुस्तकातला धडा वाचणार? मग तुझ्या चांदण्या कशा मोजायच्या? त्या घरच्या वाचनासाठी होत्या." खोटं होतं ते. पण कधी कधी मुलाला थोडं ढकलावं लागतं. पाण्यात उतरायला घाबरणाऱ्याला ढकलतात तसं.

तिने लाल वही दप्तरात घातली. मग विचारलं, "मी नाही आणलं तर तुम्ही मला शिकवणार नाही?"

मी म्हटलं, "बघू."

शनिवार, १० ऑक्टोबर

आजचा दिवस मी विसरणार नाही.

हॉल भरला होता. खात्याच्या बाई पहिल्या रांगेत, शेजारी वालिया मॅडम, पलीकडे रोहितचे वडील, साध्या कपड्यांत. दारात त्यांचा शिपाई. सहा मुलं ठीक वाचून गेली. रोहित 'कर्तव्यपरायणता'ला अडकला, त्याच्या वडिलांनीच हसून टाळ्या वाजवल्या. मग राजविंदर. हातात निळं आंतर्देशीय पत्र. मला भरून आलं. आणलं तर खरं! आई आली नव्हती.

तिने वाचायला सुरुवात केली ती नमस्कारापासून. मी तिला हळूच म्हटलं, "कोपऱ्यापासून. मी शिकवलं तसं." ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. तिने वाचलं: यमुनानगर, जगाधरी रोड, ट्रकांच्या बॉडी बनवणारं वर्कशॉप, मालकाचं नाव. मग तारीख. मग पत्र. आईला सत श्री अकाल. मी सुखरूप आहे, सीट शिवायला शिकलो, मालक दोन वेळ रोटी देतो, फिकर करू नकोस. सगळं पंजाबीत, स्वच्छ, सुरेख, वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणून. कुणीतरी डोळे पुसले.

मग थांबली. मला वाटलं, शब्द अडला. जवळ जाऊन ओळीखाली बोट धरलं, पहिलं अक्षर सांगितलं, दुसरं सांगितलं. तिने वाचलं: "राजी, तुला उत्तर लिहायचं म्हणून या वेळी पत्ता घातला आहे. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस."

लोक हसले. प्रेमानेच हसले. मीसुद्धा. अक्षरं जुळवण्याच्या नादात अर्थाकडे माझं लक्ष जरा उशिराच गेलं.

नंतर सगळे तिच्याभोवती. रोहितच्या वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "शाबास बेटा. वीरजीचं नाव काय?" तिने पत्राची घडी घातली. मी म्हटलं, "सांग ना, लाजतेस काय?" तिने सांगितलं. गुरजंट. "आणि गाव?" तेही सांगितलं. त्यांनी मला हात जोडले. "मॅडम, आपने तो कमाल कर दी."

स्केचपेनचा डबा राजविंदरला. खात्याच्या बाई म्हणाल्या, हे सगळ्या शाळांत व्हायला हवं. घरी येऊन मी शिरा केला.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

राजविंदर दोन दिवस आली नाही. बक्षीस मिळालं की झालं, असंच असतं. डबा मात्र वर्गातच राहिलाय, न्यायलाच विसरली.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत शिपायाने सांगितलं, फाटकाशी कुणी आया आली आहे. सुरजीत कौर. बरोबर पांढऱ्या दाढीचे एक वकील, तरलोचन सिंग. आत यायला नको म्हणाली. वकिलांनीच सांगितलं.

गुरजंट वीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी गावात रात्री हत्यारवाली पोरं घरात शिरली, जेवण मागितलं, आईने दिलं. न देऊन काय करणार होती? त्यानंतर पोलीस दर चार दिवसांनी गुरजंटला उचलून न्यायचे, मारून सोडायचे. तिसऱ्या वेळी तो चालत घरी येऊ शकला नाही. तेव्हा आईने त्याला दूर पाठवून दिलं आणि स्वतः पोरीला घेऊन इथे आली. कुठे आहे हे तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सोमवारी पहाटे साध्या कपड्यातल्या माणसांनी त्याला वर्कशॉपमधून जीपमध्ये घालून नेलं. मालकाने पाहिलं, पण मालक बोलणार नाही. पोलीस म्हणतात, आम्ही कुणाला आणलं नाही.

"पण अजून जिवंत असणार," वकील म्हणाले. "तीन-चार दिवसच झालेत. हायकोर्टात अर्ज केला, तर त्यांना मुलगा हजर करावा लागेल. फक्त एवढं सिद्ध व्हायला हवं, की त्याचा पत्ता पोलिसांच्या कानावर कसा आणि कधी गेला. तुम्ही होतात. तुम्ही लिहून द्या, की शनिवारी अमुक अधिकाऱ्यासमोर पत्ता वाचला गेला, आणि त्यांनी नाव, गाव विचारलं. बाकी एकही पालक तयार नाही."

मी म्हटलं, रोहितचे वडील तसे वाटत नाहीत. सभ्य आहेत. हा योगायोगही असू शकतो.

वकिलांनी इंग्रजीत तयार केलेला मसुदा काढून माझ्या हातात दिला. सुरजीत कौरने माझ्याकडे पाहिलं, तेही रागाने नाही. "मॅडमजी, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी सांगायला हवं होतं. सांगता येत नव्हतं." ती माझी समजूत घालत होती.

मी म्हटलं, घरी विचारून सोमवारी सांगते.

शनिवार, १७ ऑक्टोबर

श्यामकांतला सगळं सांगितलं. त्याने पेपर बाजूला ठेवला, सात वर्षांत पहिल्यांदा.

"तू पत्ता वाचायला लावलास?"

"पत्राचा तो भाग असतो."

"वीणा."

मग त्याने उठून खिडकी लावली. नंतर म्हणाला, सही करायची तर विचार करून कर. आपण इथे बाहेरची माणसं. ना इकडचे, ना तिकडचे. मीनाक्षी रोज एकटी क्लासला जाते. मी म्हटलं, मग नको करू? तो म्हणाला, "मी नको म्हटलेलं नाही." त्याने 'कर' असंही म्हटलं नाही.

सोमवार, १९ ऑक्टोबर

सकाळी मनाशी ठरवलं होतं, सही करायची. अकरा वाजता वालिया मॅडमनी बोलावलं. ऑफिसात रोहितचे वडील बसलेले, समोर मिठाईचा डबा. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला आले म्हणे. रोहित आता घरी पेपर मोठ्याने वाचतो, हे सगळं माझ्यामुळे. मग चहा पिता पिता म्हणाले, "आजकाल वकील लोक भोळ्या माणसांना फार त्रास देतात. तुम्हाला कुणी त्रास दिला तर मला सांगा." आणि उठताना, "मीनाक्षी बिटिया चौतीस सेक्टरला क्लासला जाते ना? सहाला सुटतो. अंधार लवकर पडतो आता. गाडी पाठवत जाऊ का?"

मी त्यांना मुलीचं नाव कधी सांगितलं नव्हतं.

मी "नको, थँक्यू" म्हटलं. थँक्यू म्हटलं.

वकिलांकडे गेले नाही.

बुधवार, २१ ऑक्टोबर

वकिलांचा शाळेत फोन आला. मी म्हटलं, सहामाही परीक्षा चालू आहेत, दिवाळीनंतर नक्की. ते म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत वेळ नाही." मी म्हटलं, समजून घ्या. ते म्हणाले, "समजतो." आणि ठेवला.

मीनाक्षीला आता श्यामकांत स्कूटरवरून आणतो-नेतो. तिला कारण सांगितलेलं नाही. ती चिडते.

रविवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी. मराठी मंडळाचा फराळ, इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये. सगळ्यांना माझ्या 'घरचं वाचन'बद्दल कळलं आहे, कुणीतरी सांगितलं. एका बाईंनी मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी बोलले. मुलाला ओढ लागली पाहिजे, असं म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामकांत मधूनच बाहेर निघून गेला.

बुधवार, २८ ऑक्टोबर

पेपरात, पाचव्या पानावर, खाली: खरडजवळ चकमक, दोन अतिरेकी ठार, अंधाराचा फायदा घेऊन तिसरा फरार. पोलिसांनी अडवलं असता त्यांनी गोळीबार केला. एकाची ओळख पटली, गुरजंट सिंग, वय वीस. दुसऱ्याची पटलेली नाही.

तीन वेळा वाचलं. मग एकेक अक्षर वाचलं.

तो सीट शिवत होता. मी त्याचं पत्र ऐकलं आहे.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

खात्याकडून माझ्या नावाने पत्र आलं. कठीण परिस्थितीत वाचनाची गोडी लावण्याच्या उल्लेखनीय कामाबद्दल. वालिया मॅडमनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. जानेवारीपासून इतर शाळांतल्या शिक्षिकांना मी शिकवायचं आहे. मुलं टाळ्या वाजवत होती. त्यात सात माझी होती.

नाही म्हणता आलं असतं. मला इथे सात वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून नाही म्हटलं नाही, असं वाटतं. नक्की माहीत नाही.

सोमवार, २ नोव्हेंबर

आज लिहून काढलं. वकिलांचा इंग्रजी मसुदा माझ्याकडे होता, तो मी हिंदीत उतरवला, म्हणजे तिच्या आईलाही कळेल. सगळं घातलं. पत्ता मी वाचायला लावला. नाव सांगायला मी भाग पाडलं. त्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा. नंतर ऑफिसात तो मला काय म्हणाला. सही केली. श्यामकांतला दाखवलं नाही. शाळा सुटल्यावर खुड्डा लाहोऱ्याला गेले.

खोलीत सामान बांधलेलं. त्या परत गावी जाणार आहेत. गावात आता त्यांना शोधायला कुणी येणार नाही. सुरजीत कौरने खाटेवरचं बोचकं उचलून मला जागा केली. चहा केला नाही. राजविंदर दाराशी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. मी तिच्याशी बोलायला गेले, तर तिने फक्त "नमस्ते मॅडमजी" म्हटलं, वर्गात म्हणतात तसं.

मी कागद दिला. बाईने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि पोरीकडे धरला. "वाच."

मी म्हटलं, "मी वाचते. मीच वाचून दाखवते."

"नाही, जी. तिला येतं. तुम्हीच शिकवलंय."

राजविंदर उभी राहिली. कागद छातीसमोर, पाठ ताठ, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "मैं, वीणा सबनीस, शपथपूर्वक कहती हूँ…" मला वाटलं, मध्ये थांबेल. थांबली नाही. "मेरी छात्रा राजविंदर कौर ने मेरे आग्रह पर" इथेही थांबली नाही. भावाचं नाव आलं, तेही वाचलं. रोहितच्या वडिलांचं आलं. शेवटी माझी सही, आणि खाली तारीख.

आईने विचारलं, "कुठली तारीख?"

"आजची," राजविंदर म्हणाली.

बाईने कागद तिच्या हातातून घेतला, माझ्याच घड्यांवर घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "वकिलांना द्या. त्यांना दुसऱ्या कुणासाठी उपयोगी पडेल. मला आता कुणाला सोडवायचंय?"

मी उठले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, ठेवला नाही.

तिथून बाहेर पडून हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्याने चालत आले. कागद अजून पर्समध्ये आहे. वकिलांच्या घरावरून आले, फाटक उघडं होतं, आत गेले नाही. उद्या जाईन.

एक गोष्ट लिहायची राहिली. लिहू नये, पण दुसरीकडे कुठे लिहिणार? ती तो कागद वाचत होती, तिची आई ऐकत होती, आणि मी चुका मोजत होते. 'शपथपूर्वक'. 'प्रत्यक्ष'. 'उपस्थित'. 'हस्ताक्षर'. चौथीच्या मुलीला न झेपणारे शब्द.

एकातही चुकली नाही.